धावडापाणीबद्दल खरी माहिती

१

चुकीची माहिती वाचली की माझं डोकं फिरतं. लग्नपत्रिकेत तालुका चुकलेला दिसला तरी मी लग्नघरी फोन करून सांगते. कॉलेजात मी अकरावी-बारावीला भूगोल शिकवते आणि रविवारची सकाळ इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशाला देते. या कोशात कुणीही लिहू शकतं, म्हणजे कुणीही घाण करू शकतं. ती घाण निस्तरणाऱ्या आम्हा मोजक्या लोकांना प्रचालक म्हणतात. पगार नाही, शिव्या मात्र पोटभर.

त्या रविवारी तपासायला 'धावडापाणी अभयारण्य' हा लेख घेतला. चोपड्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या कुशीतलं छोटं जंगल. लेख वाचता वाचता माझा चहा गार झाला. पहिल्या परिच्छेदात विश्रामगृह नदीच्या डाव्या काठावर होतं, तिसऱ्यात उजव्या. एके ठिकाणी त्याला तीन खोल्या, खाली पाच, आणखी खाली 'येथे विश्रामगृह नाही'. नदी एकदा पूर्वेला वाहत होती, एकदा पश्चिमेला. इतकं बेजबाबदार लिखाण मी बारावीच्या पेपरातही पाहिलं नव्हतं.

मी हात धुऊन त्याच्या मागे लागले. वनखात्याचा एक जुना अहवाल मिळाला, त्यावरून सगळं सरळ केलं. विश्रामगृह उजव्या काठावर. दगडी चौथरा, दोन खोल्या, दक्षिणेकडे व्हरांडा, लाल कौलं. संदर्भ जोडला आणि भांडी घासायला गेले. परत येऊन पाहते तर सगळं पूर्वीसारखं.

माझे बदल उलटवणाऱ्याचं नाव 'चुडामण'. मी पुन्हा दुरुस्त केलं, त्याने पुन्हा उलटवलं. शेवटी लेखाच्या चर्चापानावर त्याला गाठलं.

"तुमच्याकडे संदर्भ काय आहे?"

"काही नाही. लेख होता तसा राहू द्या."

"तसा म्हणजे चुकीचा?"

"हो. चुकीचाच राहू द्या. तुमच्या पाया पडतो."

पाया पडणारी माणसं मला आवडत नाहीत. त्यांना बहुधा काहीतरी लपवायचं असतं. मी त्याला कोशात लिहायला बंदी घातली, लेखाला कुलूप लावलं, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

२

मेहरूणला, तलावाजवळ आमचं घर. अम्मी, मी आणि माझा धाकटा भाऊ झैद. अब्बा गेल्यापासून घर आम्ही दोघं चालवतो. झैद लग्नांचे फोटो काढतो. अम्मीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, त्यावर हिरवी पट्टी होती. दुसऱ्या डोळ्याने तिला माणूस आला एवढं कळायचं, कोण आला ते कळायचं नाही. म्हणून झैद घरात शिरताना दारातूनच ओरडायचा, "अम्मी, मीच आहे."

लेखाला फोटो हवे होते. मी झैदच्या मागे भुणभुण लावली. तो म्हणाला, "आपा, वाघाचे फोटो काढायला लोक जातात. तू मला सरकारी खोलीचे काढायला पाठवतेस." तरी गेला बिचारा. सकाळी मोटरसायकलवर कॅमेऱ्याची बॅग अडकवून निघाला आणि दुपारी त्याचा फोन आला.

"पोचलो. गावात एका माणसाने जाम हुज्जत घातली, वाटेत काटेच टाकून बसला होता. पण बंगला मस्त आहे. तू लिहिलंस तसाच. लाल कौलं तर आज घातल्यासारखी आहेत."

"मग काढ पटापट फोटो."

"काढतोय. एक सांग, याला खिडक्या का नाहीत?"

"मागच्या बाजूला असतील."

"चारही बाजूंनी फिरलो. नुसती भिंत आहे. दाराला कडीपण नाही. आणि आपा, इथे पक्षी ओरडत नाहीत. तुझ्या लेखात पक्ष्यांचं काहीच नाही का?"

"पक्ष्यांची यादी पुढच्या रविवारी करणार आहे," मी म्हणाले.

तो हसला. आतल्या खोलीचा एक फोटो काढतो आणि निघतो, असं म्हणाला. मग कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला. परत एकदा आला, जरा लांबून. तिसरा इतका लांबून आला की मला वाटलं, हा एवढ्याशा खोलीत चाललाय तरी कुठे? फोन तुटला नव्हता. मी हॅलो हॅलो करत राहिले आणि खटका लांब लांब जात राहिला.

झैद त्या दिवशी परतला नाही. अम्मीला मी एका लग्नाचं नाव सांगून गप्प केलं. पोलिसांना फोन केला तेव्हा जवान पोरगा आहे, येईल, असं त्यांनी मलाच समजावलं.

३

सकाळी पहिल्या एसटीने चोपड्याला आणि तिथून काळी-पिवळीने डोंगराच्या पायथ्याशी गेले. गाडीवाल्याने मला गावाबाहेरच उतरवलं. टपरीवर चहा उकळत होता. मी धावडापाणीचं नाव काढलं आणि बाकावरची माणसं कप तिथेच ठेवून उठून गेली. एकजण माझ्या पायांजवळ थुंकला.

टपरीवाला तेवढा राहिला. पन्नाशीचा, डोळे तारवटलेले.

"तुम्हीच ना त्या कॉम्प्युटरवाल्या बाई?" तो म्हणाला. "मी चुडामण."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्याच्या काउंटरवर हात आपटला. "माझा भाऊ कुठे आहे?"

"तुम्हना भाऊले मी काल रोखं व्हतं. त्याने ऐकं नही." त्याने चहाखालचा गॅस बंद केला. "तो बंगला मना आजाना टाइमले पडना. जमिनीसपाट व्हयेल व्हता. तुम्हीन लिखं आन् तो परत उभा ऱ्हायना."

"मी फक्त खरी माहिती लिहिली."

"हां. तेच चुकनं तुम्हनं."

रात्रभर झोप नव्हती, पोटात अन्न नव्हतं, आणि समोर हा माणूस मला भुताच्या गोष्टी सांगत होता. मी पोलिसांची धमकी दिली, भाऊ दिसला तर कळवा म्हणून माझा नंबरही त्याच्या हाती कोंबला. तो हसलासुद्धा नाही. त्याने गावातल्या सात-आठ जणांना हाक मारली. ते आले, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

"पोऱ्या कसा शे?" एकाने त्याला विचारलं.

"बुटका. गोरा," चुडामण म्हणाला.

"काय बोलताय तुम्ही?" मी मध्ये पडले. "माझा भाऊ..."

त्याने हात वर करून मला गप्प केलं. त्या हातात राग होता, आणि मला वाटतं, थोडी भीती. "बाई, आम्हना आठे माणूस जंगलमा चुकना का त्याले शोधतांना कोणीच खरं सांगतस नही. एक म्हणस उंच, एक म्हणस बुटका. मंग जो येस तो आम्हना ऱ्हास."

"आणि खरं सांगितलं तर?"

"मंग जे सांगं ते येस."

मी त्याला अडाणी म्हणाले. तोंडावर म्हणाले. त्याने खांद्यावर दोर टाकला.

४

विश्रामगृह मी लांबूनच ओळखलं, माझंच वाक्य होतं ते. दगडी चौथरा, दक्षिणेकडे व्हरांडा, लाल कौलं. कौलांवर एक पान पडलेलं नव्हतं. चौथऱ्याच्या दगडांना सांधे नव्हते, एकसंध करडा रंग खाली जमिनीत गेला होता. झैदची मोटरसायकल झाडाखाली उभी होती, तिच्यावर धूळ होती, एक किडा चालत होता. तो किडा पाहून मला बरं वाटलं, कारण आसपास दुसरं काही हलत नव्हतं.

चुडामण चौथऱ्यापासून लांब उभा राहिला. बाकीचे खोऱ्यात उतरले.

मी आत गेले. पहिली खोली रिकामी. उजेड दारातून येत होता, पण कोपऱ्यांपर्यंत पोचत नव्हता. भिंतींना वास नव्हता. जुन्या घराला चुन्याचा, वाळवीचा, वटवाघळांचा, काही ना काही वास असतोच. मी मुद्दाम श्वास ओढून पाहिला. मग दुसऱ्या खोलीत गेले. तीही रिकामी. पाठच्या भिंतीला हात लावला तेव्हा पलीकडून कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला.

बाहेर धावत गेले, भिंतीच्या मागे पाहिलं. गवत, आणि गवतावर कुणी चालल्याची खूण नाही. परत आत आले, भिंतीला कान लावला. खटका. मग फार लांबून झैदचा आवाज आला, "आपा?" मी भिंतीवर मुठी आपटल्या. आवाज येणारच, मी स्वतःला सांगितलं. खोरं आहे, दगड आहे, प्रतिध्वनी शाळेतच शिकलेय मी. तो जवळच कुठेतरी पडला असेल, पाय मोडला असेल.

मी व्हरांड्यात आले. खाली खोऱ्यात माणसं पांगली होती आणि एकमेकांना ओरडून सांगत होती.

"गोरा पोऱ्या देखा का, गोरा?"

"लंगडा शे का रे?"

"म्हातारा! दाढी धवळी!"

माझा भाऊ भिंतीपलीकडे मला हाका मारत होता आणि हे लोक एका म्हाताऱ्याला शोधत होते. माझ्या डोक्यातली शीर तडतडली. मी व्हरांड्याच्या कडेवर उभी राहिले आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडले.

"खोटं सांगू नका! झैद नाव आहे त्याचं! एकोणतीस वर्षांचा आहे! सावळा, माझ्यापेक्षा हातभर उंच, बारीक दाढी! निळा शर्ट, काळी पँट! उजव्या हातात घड्याळ! कपाळावर जखमेची खूण आहे!"

खालचे आवाज एकदम थांबले. चुडामण मटकन खाली बसला.

"तुम्हीन पुरं सांगी टाकं," तो म्हणाला.

माझ्या मागे, आतल्या खोलीत, पाऊल वाजलं.

५

मी त्याला मिठी मारली. सांगून ठेवते, मला तेव्हा आनंदाशिवाय दुसरं काही वाटलं नाही. सावळा, उंच, बारीक दाढी, कपाळावर लहानपणीची खूण. मी रडले. तो उभा राहिला.

"झैद, बोल ना."

तो माझ्याकडे पाहत राहिला. धक्का बसलाय, मी म्हणाले. रात्रभर उपाशी, पाण्यावाचून, माणूस बोलेल कसा?

चुडामण वाटेत आडवा आला. "घर लई जाऊ नका. हाऊ अजून पुरा नही. याले आठे सोडा, आम्ही खोटं बोलत ऱ्हासूत, तुम्हना भाऊ परत येई. हाऊ पुरा व्हई गया तर तुम्हना भाऊले वाट सापडाव नही."

"हा माझा भाऊ आहे."

"त्याना हात देखा, बाई."

मी पाहिला नाही. ढकललं त्या माणसाला आणि मोटरसायकलला किक मारली. किल्ली गाडीलाच होती, स्कूटर चालवता येते म्हणून गाडीही कशीबशी आली. झैद मागे बसला. चोपड्यापर्यंत उन्हात आलो, रस्त्यावर केळीचे ट्रक, आणि माझ्या पाठीला मागून श्वास लागत नव्हता. वाऱ्यामुळे कळत नसेल, म्हणून मी सोडून दिलं.

चोपड्याला रसवंतीवर थांबले. त्याच्यासमोर उसाचा रस ठेवला. त्याने ग्लास हातात धरला आणि तसाच धरून राहिला. तेव्हा घड्याळाकडे माझं लक्ष गेलं. काच होती, पट्टा होता, आत काटे नव्हते. पांढरी चकती. निळ्या शर्टाला बटणं नव्हती, काजं नव्हती, गळ्यापासून खालपर्यंत एकच कापड. मी त्याचा ग्लास काढून घेतला आणि पंजा उलटा केला. तळहातावर एक रेघ नव्हती. बोटांना नखं नव्हती. रसवंतीवाला माझ्याकडे पाहत होता म्हणून मी तो हात पटकन मिटला, जणू माझीच काही लाज उघडी पडली होती.

परत फिरायला हवं होतं. माझं डोकं मला तेच सांगत होतं. पण परत जाऊन काय म्हणू, हा माझा भाऊ नाही, मला दुसरा द्या? डॉक्टरला दाखवू आधी, मी म्हणाले. दाखवायला तरी घरी नेलं पाहिजे. सबंध रस्ताभर मी असली कारणं शोधत राहिले आणि ती मला सापडत गेली.

६

दिवस मावळताना, मगरिबच्या अजानीला आम्ही मेहरूणला पोचलो. तलावावर मुलं क्रिकेट खेळत होती. अम्मी दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"कोण? सादिया? कोण आहे तुझ्याबरोबर?"

तो काही बोलला नाही.

"झैद आहे, अम्मी," माझ्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर कळलं.

अम्मीने हात पुढे केले. "बोलत का नाहीस रे? बापरे, काय झालं? सादिया, कसा दिसतोय तो? सुकलाय का?"

रस्ताभर सगळी कारणं होती, आता एकही उरलं नव्हतं. तो अम्मीकडे झुकला होता. दिवसभरात माझ्याकडे त्याने जसं पाहिलं नव्हतं तसं तो तिच्याकडे पाहत होता, अधाशासारखं.

"गोरा दिसतोय," मी म्हणाले. "गोरा झालाय, अम्मी. आणि बुटका आहे. केस पिकलेत."

त्याच्या चेहऱ्यात काहीतरी सैल झालं. गालाची कड भिंतीच्या रंगात मिसळल्यासारखी दिसली. मी भराभर बोलत सुटले. एक पाय आखूड आहे, तोंडात दात नाहीत, नाव हसीब आहे. आयुष्यात मी इतकं खोटं कधी बोलले नव्हते. दर खोट्यागणिक तो पातळ होत होता, दाराची चौकट त्याच्यामधून दिसायला लागली होती.

"वेड लागलं का तुला?" अम्मी म्हणाली. "गोरा कुठला? माझा झैद सावळा. जन्मला तेव्हा सुईणबाई म्हणाल्या होत्या, अमिनाबी, मुलगा कृष्णाच्या रंगाचा झालाय."

"अम्मी, बोलू नकोस."

"का नको? माझा मुलगा आहे. डाव्या कानामागे तीळ आहे त्याच्या. पाठीवर केस आहेत अब्बांसारखे. हसला की एकाच गालाला खळी पडते."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. माझ्या आईच्या तोंडावर. ती घाबरली, हातपाय झाडायला लागली, डोळ्यावरची पट्टी सरकली. आणि तो हसला. एका गालाला खळी पडली.

अम्मीने माझ्या बोटांना कडकडून चावा घेतला. मी हात काढला.

"अल्ला, काय करतेस ग!" ती रडत होती. "माझ्या लेकराच्या नखांना लहानपणापासून पांढरे ठिपके, ते बघ. अंगाला त्या कॅमेऱ्याच्या बॅगेचा वास येतो, तो घे. आवाज थोडा बसका आहे त्याचा, सकाळी जास्त. मला काय सांगतेस कसा दिसतो म्हणून?"

दारात कातड्याच्या बॅगेचा वास आला. त्याची छाती वर झाली, खाली झाली.

"अम्मी," तो बसक्या आवाजात म्हणाला. "मीच आहे."

अम्मीने त्याला कवटाळलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर अनोळखी होता, आवाज चुडामणचा. तो धापा टाकत होता.

"बाई, तो तुम्हना संगे शे का? त्याले कोणी काही सांगं का?"

मी अम्मीकडे पाहिलं.

"दिवसभर खोऱ्यामा कोणी 'आपा, आपा' करी ऱ्हायनं व्हतं. आम्ही पार जवळ गयथूत. आते, हाऊ घडीले, मनी मशालना उजेडमा त्याना हात दखायना मले. घड्याळवाला हात." मागे माणसं ओरडत होती, मग तीही गप्प झाली. "आते काहीच नही शे, बाई. हाकपन नही."

मी फोन कानाला धरून तशीच उभी राहिले. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. अम्मी विचारत होती, भाकरी गरम करू का, आणि तो म्हणाला, दोन कर, खूप भूक लागलीये.